नोकरदार स्त्री आणि मालकाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा त्यांच्या मनातील विषय निराळा होता. "गुरुजी, यंदा मुलांच्या वाचनाविषयी बोला," असे ते म्हणाले. सेवानिवृत्त शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करावयाची? आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली आणि तिसऱ्या दिवशी हा विषय लिहून पाठविला. लागलीच त्यांचा फोन आला. "गुरुजी, स्नेहसंमेलन आहे. बायकामुले असतात. पंगत असते." आम्ही म्हटले, बायकामुले असतात म्हणूनच. यावर ते क्षणभर थांबले आणि मग मोठ्या मनाने त्यांनी संमती दिली. त्याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही विषयास आरंभ करतो.

आम्ही वकील नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आम्ही १९७५ साली उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि पुढची अडतीस वर्षे खडू-फळ्यात घालविली. परंतु ज्या कायद्याविषयी आज बोलावयाचे आहे, तो २०१३ सालचा कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीचा अधिनियम, काही दुर्बोध ग्रंथ नाही. त्यात अवघी तीस कलमे आहेत. पेन्सिल हाती घेऊन आम्ही तो तीन वेळा वाचला, आणि आमच्या मते त्याहून व्याकरणातला समास शिकविणे अवघड आहे. म्हणून 'हे आमचे काम नव्हे, वकिलांना विचारा' असे म्हणून यातून सुटता येईल असे आम्हांस वाटत नाही.

हा विषय आमच्या मनात आला तो मंडळाच्या कुटुंबसूचीमुळे. गेल्या वर्षी सूची नव्याने छापली तेव्हा मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे होते. जुन्या सूचीत स्त्रियांच्या नावापुढे 'व्यवसाय' या रकान्यात पानामागून पान 'गृहकृत्य' एवढाच शब्द असे. नव्या सूचीत तेथे बँक आहे, रुग्णालय आहे, न्यायालय आहे, पुण्याच्या संगणक कंपन्या आहेत, औषधांचे दुकान आहे. पाहून आम्हांस आनंद झाला. त्याच सूचीत पुरुषांच्या रकान्यात आणि आता काही भगिनींच्याही, छापखाना, सराफी पेढी, दवाखाना, शिकवणी वर्ग, औद्योगिक वसाहतीतील लहानमोठे कारखाने दिसतात. म्हणजे नोकरी करणाऱ्या मुली आणि नोकरी देणारे मालक एकाच पुस्तकात, कित्येकदा समोरासमोरच्या पानांवर छापलेले आहेत. आणि ही मुलगी त्या मालकाकडे लागते कशी? तर कोणी वडीलधारा मध्ये पडतो आणि तिच्या वडिलांस म्हणतो, "आपल्याच माणसाचे दुकान आहे, मुलगी सुरक्षित राहील."

हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारले आहे. त्यात सद्भाव आहे, पण त्याची दुसरी बाजू आमच्या लक्षात येत नसे. आपल्याच माणसाच्या दुकानात त्या मुलीशी कोणी अभद्र वागले, तर तिने कोणाकडे जावयाचे? वडिलांच्या मानेवर उपकाराचे ओझे आहे. धाकट्या बहिणीचे स्थळ त्याच घराच्या नात्यात पाहावयाचे आहे. तक्रार ऐकणारे काका आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे तो गृहस्थ, दोघे एकाच पंगतीला बसणारे आहेत. परक्याच्या कचेरीत मुलीचे तोंड एका कुलपाने बंद होत असेल, तर आपल्या माणसांत ते तीन कुलपांनी बंद होते.

आता हा कायदा आला कोठून, ते सांगितले पाहिजे, कारण त्याच्या जन्मकथेतच मालकाच्या कर्तव्याचा प्रश्न आहे. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचे खेडे आहे. तेथील भंवरीदेवी ही कुंभार समाजातील स्त्री राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत असे. गावात बालविवाह होऊ नयेत म्हणून लोकांस समजाविणे हे तिच्या कामातच अंतर्भूत होते. १९९२ साली तिने एका तान्ह्या मुलीचा विवाह थांबविण्याचा प्रयत्न केला, आणि त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात शेतात पतीच्या देखत तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. आरोपी गावातील तिच्याहून बलिष्ठ अशा जातींचे होते. १९९५ साली खालच्या न्यायालयाने त्यांस बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. तिच्या कुटुंबावर गावाने बहिष्कार घातला. आम्ही ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलत आहोत, म्हणून हा तपशील गाळणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. तेथे माणसे आपापल्या जातीमागे उभी राहिली. खरेखोटे कोणी पाहिले नाही.

या प्रकरणानंतर काही महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा प्रश्न एका अत्याचाराच्या शिक्षेपुरता नव्हता. जिला सरकारने या कामावर धाडले, तिच्या त्या कामातील सुरक्षिततेची तजवीज काय होती? काम देणाऱ्याचे कर्तव्य मानधन मोजून संपते काय? या याचिकेचा निकाल १३ ऑगस्ट १९९७ रोजी लागला. तोच 'विशाखा' निकाल होय. सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती किरपाल आणि पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदी राहिलेल्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या पीठाने सांगितले की, स्त्रीचा कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा राज्यघटनेने दिलेल्या समतेच्या, व्यवसाय करण्याच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कावरील आघात आहे; आणि संसद कायदा करीपर्यंत न्यायालयाने आखून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे कायद्याप्रमाणेच बंधनकारक राहतील. संसदेला त्यानंतर सोळा वर्षे लागली. मधल्या काळात ही तत्त्वे कागदावरच राहिली. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी तशी तक्रार सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविली, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात त्यावर निकाल देऊन राज्यांस खडसावले. एका पत्राने काय होते असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही हे उदाहरण नेहमी देतो. अखेर अधिनियम संमत झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला.

या अधिनियमात छळ कशास म्हणावे हे स्पष्ट लिहिले आहे. अंगास स्पर्श करणे वा लगट करणे, शरीरसुखाची मागणी वा विनंती करणे, अश्लील शेरे मारणे, अश्लील चित्रे दाखविणे, आणि याखेरीज शरीराने, शब्दाने वा हावभावाने केलेले लैंगिक स्वरूपाचे कोणतेही नकोसे वर्तन. येथे 'नकोसे' हा शब्द अधोरेखित करण्याजोगा आहे. 'आम्ही थट्टेने बोललो', 'आमच्या मनात तसे काही नव्हते' या सबबीला त्यामुळे फारसा अर्थ राहत नाही. कोणाला नकोसे? तर जिच्याशी वर्तन झाले तिला. पुढे कायदा असेही सांगतो की अशा वर्तनाच्या जोडीला बढतीचे आमिष असेल, नोकरी जाण्याची धमकी असेल, किंवा तिला काम करणे असह्य व्हावे असे वातावरण निर्माण केले असेल, तर तोही छळच.

हे कलम प्रथम वाचले त्या दिवशी आम्हांस जेवण गेले नाही. त्याचे कारण आज प्रथमच चारचौघांत सांगत आहोत.

२००२ सालची गोष्ट. आम्ही एका खाजगी संस्थेच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होतो. संस्थेचे व गावाचे नाव घेत नाही. मानधनावर काम करणाऱ्या एक तरुण शिक्षिका आमच्याकडे होत्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याइतका चांगला आमच्या शाळेत कोणी घेतला नाही. संस्थेच्या कार्यालयात एक वजनदार गृहस्थ होते, चालकांच्या नात्यातले. मानधनाच्या पावतीवर सही घेण्यासाठी ते या बाईंना शाळा सुटल्यावर बोलावीत. एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई आमच्या खोलीत आल्या. दार उघडेच होते. त्या उभ्याच राहिल्या. "सर, पावतीची सही शाळेच्या वेळात होईल असे काही करता येईल का?" एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही कारण विचारले. त्या खाली पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "ते हात धरतात, सर."

आम्ही काय केले? आम्ही खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणालो, "बाई, एकट्या जात जाऊ नका. कोणाला तरी बरोबर नेत जा. आणि हे बाहेर बोलू नका, तुमचेच नाव होईल." त्या वेळी आम्हांस वाटले की आम्ही त्यांस वडिलकीचा सल्ला दिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या शाळेत आल्या नाहीत. त्यांच्या राजीनाम्यावर 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहिलेले होते, आणि तो मंजूर करताना खाली आम्ही आमच्या सुवाच्य अक्षरात 'काम समाधानकारक' असा शेरा मारला. विशाखा निकालासंबंधीचे परिपत्रक त्यापूर्वीच शाळेत येऊन गेले होते. त्यावर 'वाचले, दप्तरी दाखल' ही सहीसुद्धा आमचीच.

त्या निकालात न्यायालयाने लिहिले होते की, प्रतिबंधाचे कर्तव्य मालकाचे आणि कामाच्या ठिकाणच्या इतर जबाबदार व्यक्तींचे आहे. २०१३ चा अधिनियम तर मालकाची व्याख्या करताना पगार देणाऱ्यापाशी थांबतच नाही. कामाच्या ठिकाणाचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्याकडे, तोही मालक. म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत जबाबदार माणूस आम्ही होतो, आणि आम्ही ती जबाबदारी त्या मुलीच्याच खांद्यावर ठेवून तिला परत पाठविली. 'एकटी जाऊ नको' हा उपदेश तिला करण्याऐवजी 'शाळा सुटल्यावर कोणासही बोलावू नये' अशी लेखी सूचना कार्यालयास देणे आमच्या हाती होते. तेवढ्यास एक कागद आणि थोडे धैर्य लागले असते. कागद होता.

आमच्या मते या कायद्याचा गाभा येथेच आहे. स्त्रीने जपून राहावे हे आपल्याकडे शतकानुशतके सांगून झाले. हा कायदा पहिल्या प्रथम मालकास सांगतो की तू जप. त्याच्या नावातही 'प्रतिबंध' हा शब्द आधी आणि 'निवारण' नंतर आहे. जिन्याला कठडा बसविणे हे घरमालकाचे काम. पडलेल्या भाडेकरूस 'पाहून चालावे' म्हणणे नव्हे.

मालकाची कर्तव्ये एकोणिसाव्या कलमात दिली आहेत. त्यांतील पहिलेच असे की कामाचे ठिकाण सुरक्षित राखावयाचे, आणि तेही केवळ आपल्या नोकरांपासून नव्हे, तर कामानिमित्त तेथे येणाऱ्या प्रत्येकापासून. म्हणजे पेढीवर येणारे बडे गिऱ्हाईक विक्रीच्या मुलीशी सलगी करू लागले तर 'गिऱ्हाईक तुटेल' म्हणून काणाडोळा करण्याची सोय मालकास नाही. छळ केल्यास काय शिक्षा होते आणि तक्रार कोठे करावयाची, हे ठळक जागी लिहून लावावयाचे. नोकरवर्गास वेळोवेळी एकत्र बोलावून हे समजावून सांगावयाचे. सेवानियमांत हा छळ म्हणजे गैरवर्तन असे नमूद करावयाचे. चौकशीस माणसे हजर करणे, कागदपत्रे पुरविणे हेही त्याचेच काम. आणि पीडित स्त्रीस पोलिसांत जावयाचे असेल तर तिला अडवावयाचे नाही; उलट साहाय्य करावयाचे. हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा वाचले. आपल्याकडे आजवर अशा प्रसंगी सर्वांचे साहाय्य तिने पोलिसांत जाऊ नये यासाठीच होत आले आहे.

जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे मालकाने लेखी आदेशाने एक अंतर्गत समिती नेमली पाहिजे. तिची अध्यक्ष तेथीलच वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निदान दोन सभासद नोकरवर्गातील असावेत, निम्म्याहून कमी स्त्रिया असू नयेत, आणि एक सभासद बाहेरचा, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारा असावा. या बाहेरच्या सभासदाचे महत्त्व आम्हांस फार वाटते. घरातल्या माणसास घरातला दबाव असतो. (समितीला आधी 'अंतर्गत तक्रार समिती' असे नाव होते, २०१६ च्या दुरुस्तीने 'तक्रार' हा शब्द गळला, पण लोकांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे.) घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावयाची, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. स्त्रीला लिहिता येत नसेल तर समितीने तिला लिहिण्यास मदत करावयाची. नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावयाची, आणि अहवाल हाती आल्यावर साठ दिवसांत मालकाने त्याप्रमाणे कारवाई करावयाची.

आमच्या एका व्यापारी मित्राने यावर सुटकेचा निःश्वास टाकला. "गुरुजी, आमच्याकडे सातच माणसे आहेत. आम्ही सुटलो." ते सुटले नाहीत. दहापेक्षा कमी माणसे असली तर अंतर्गत समिती नको एवढेच. सुरक्षिततेचे कर्तव्य सात माणसांच्या दुकानासही आहेच, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली तरीही ती तेथेच जाते. आणि दहा माणसे मोजताना पगारी तेवढीच मोजण्याची चलाखी चालत नाही. हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदाराने आणलेली, शिकाऊ, विनावेतन मदतीस येणारी, सर्व मोजावयाची. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तोच अपराध पुन्हा सिद्ध झाला तर दुप्पट शिक्षा, आणि धंद्याचा परवानाही रद्द होऊ शकतो. सरकारी यंत्रणाही या बाबतीत निर्दोष नव्हती. गोवा विद्यापीठाशी संबंधित एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीतील ढिलाईबद्दल खेद व्यक्त केला. आणि त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी व स्थानिक समिती मुदतीत नेमण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर!

आता आपल्या समाजाच्या आवडत्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे समेट. काही घडले की आपण चार वडीलधारी मंडळी जमवितो, चहा होतो, दोन्ही बाजूंस समजावले जाते, आणि बहुधा मुलीने 'मोठ्या मनाने' विसरावे असे ठरते. कायद्यातही समेटाला जागा आहे. पण ती कशी? चौकशी सुरू होण्यापूर्वी, स्त्रीने स्वतः मागणी केली तरच. आणि पैशाची देवाणघेवाण हा समेटाचा आधार होऊ शकत नाही. म्हणजे समेटाचे दार आहे, पण त्याची कडी तिच्या बाजूस आहे. आपल्या पंचमंडळींनी हा भेद ध्यानी घेतला पाहिजे. मालकाच्या विनंतीवरून, वडिलांच्या होकारावरून, मुलगी आतल्या खोलीत बसलेली असताना जो होतो, त्यास काय म्हणावे ते म्हणा. कायदा त्यास समेट म्हणत नाही.

गुप्ततेविषयीही तसेच. तक्रार करणारीचे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे आणि साक्षीदारांचे नाव, चौकशीतील मजकूर, यांपैकी काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ही मनाई दोघांच्याही रक्षणासाठी आहे. आपल्या व्हॉट्सॲपच्या ज्ञातिसमूहावर कोणाच्या घरी पाळणा हलणार ही बातमी घरच्यांच्या आधी येते, हे पाहता या कलमाची आठवण सर्वांनी ठेवावी.

"पण खोट्या तक्रारी झाल्या तर?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो पुरुषच विचारतात असे नाही. कायद्याने त्याचा विचार केला आहे. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केल्याचे चौकशीत सिद्ध झाले तर त्यावरही कारवाई आहे. मात्र पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. वर्गात मुलाने 'माझी पेन्सिल घेतली' म्हटले आणि ती सापडली नाही, म्हणून आम्ही कधी त्या मुलासच छडी मारली नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर. एक कारखानदार आम्हांस म्हणाले, "अण्णा, त्यापेक्षा मी बायकांना कामावरच ठेवीत नाही. कटकट मिटली." हे ते रागाने बोलले नाहीत, हिशेबाने बोलले. आम्ही त्यांस विचारले, तुमची स्वतःची मुलगी ज्या बँकेत आहे, तेथील व्यवस्थापकाने हाच हिशेब मांडला तर? ते बोलले नाहीत. त्यांच्याकडे हिशेबाचे काम पाहणाऱ्या तीनही बाई आज तेथे आहेत, आणि मागील महिन्यात त्यांनी आमच्याकडून या कलमांचा कागद मागून नेला. तो त्यांनी भिंतीवर लावला की कपाटात ठेवला, हे अद्याप आम्ही जाऊन पाहिलेले नाही.

जे मालक नाहीत असे ज्यांस वाटते, त्यांनीही थोडे थांबावे. घर हेही या कायद्याने कामाचे ठिकाण मानले आहे. धुणीभांडी, स्वयंपाक, आजारी माणसाची शुश्रूषा यांसाठी आपल्या घरी येणाऱ्या मावशींच्या दृष्टीने आपले घर ही कचेरी आणि आपण मालक. त्यांची तक्रारही स्थानिक समितीकडे जाते, आणि सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची आहे. तेव्हा घरातील गृहिणींनीही मावशी काही सांगू लागल्या तर खिडकीबाहेर पाहू नये. आम्ही पाहिले होते.

शेवटी आपल्या स्वतःच्या वास्तूकडे येतो, ज्या वास्तूत आपण आता बसलो आहोत. हे मंगल कार्यालय आणि मागील मुलींचे वसतिगृह यांत काम करणारी माणसे आम्ही गेल्या आठवड्यात मोजली. व्यवस्थापक, दोन कारकून, पहारेकरी दोन, वसतिगृहाच्या अधीक्षिका, स्वयंपाकघरातील तीन बायका, आणि ठेकेदारामार्फत सफाईस येणाऱ्या पाचजणी. चौदा झाली. लग्नसराईतील वाढपी आम्ही धरलेले नाहीत. म्हणजे दहाची मर्यादा आपण केव्हाच ओलांडली आहे. अंतर्गत समिती नाही. भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे, 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी आहे. कायद्याने सांगितलेली पाटी नाही. दरवर्षी समितीने मालकास आणि जिल्हा अधिकाऱ्यास अहवाल द्यावा लागतो, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात तक्रारींची संख्या नमूद करावी लागते. आपल्या अहवालात पंगतीचा खर्च पैशापर्यंत आहे, हा आकडा नाही. येथे मालक कोण, असे विचाराल तर कायद्याच्या व्याख्येत धोरण ठरविणारे मंडळही येते. तेव्हा व्यासपीठावर हार घालून बसलेली ही सर्व सन्माननीय मंडळी मालक आहेत. त्यांनी आम्हांस क्षमा करावी. गेली चार वर्षे आम्हीही त्या मंडळावर आहोत.

आम्ही दोन-तीन गोष्टी मागत आहोत. अधीक्षिकाबाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी. बाहेरची सभासद म्हणून शहरात स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेतील कार्यकर्तीस विनंती करावी. ती आपल्या ज्ञातीची नसेल तर अधिक उत्तम. सफाईचा ठेका देताना ठेकेदाराच्या करारात याविषयीचे कलम घालावे. आणि मंडळाची नोकरीविषयक उपसमिती जेव्हा एखाद्या मुलीस आपल्या माणसाकडे जागा मिळवून देते, तेव्हा त्या मालकाकडे समिती आहे काय, नसल्यास स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर आहे काय, एवढे विचारून घ्यावे. ज्या मालकास हा प्रश्न अपमानाचा वाटेल, त्याच्याकडे मुलगी पाठवू नये.

या ठरावाचा मसुदा आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. पंगतीनंतर तीन वाजता सर्वसाधारण सभा आहे. आम्ही डावीकडे तिसऱ्या रांगेत बसू. पेन आमच्याजवळ आहे.